झाडाच्या दोन्ही बाजूंना

तिळगुळाचा डबा अजून रिकामा झाला नव्हता आणि संपादकांचा फोन आला. दिवाळी अंकाची जुळवाजुळव जानेवारीत सुरू करणारे महाराष्ट्रात ते बहुधा एकटेच असावेत. "यंदाचा विषय 'जुंपलेले'," ते म्हणाले. बैल आधीच एकाने उचलला होता, राजस्थानातला उंट दुसऱ्याने, माथेरानचे घोडे तिसऱ्याने. "तुमची भाची फिनलंडला असते ना? मग रेनडिअर तुमच्या वाट्याला." वाटणी अशी परस्पर होऊन गेल्यावर हरकत घ्यायला जागाच नव्हती.

भाची एस्पूला, म्हणजे हेलसिंकीला खेटून असलेल्या गावात, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. सहा वर्षांत ती फिनिश बऱ्यापैकी बोलायला शिकली. रेनडिअर मात्र तिने ताटात सोडून कुठे पाहिलं नव्हतं, आणि तेही दुसऱ्याच्या ताटात, कारण ती शाकाहारी. "मावशी, उणे पंचवीस म्हणजे काय असतं ते तुला कळतंय ना?" तिने फोनवर तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हटलं. कळलं अर्थातच नव्हतं.

शिंगांच्या नकाशाचं गाव

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्रीची गाडी पकडून आम्ही सकाळी रोवानिएमीला उतरलो. ऑक्टोबर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे गाव जाळून बेचिराख केलं. युद्धानंतर त्याचा नवा आराखडा आल्वार आल्टो या वास्तुशिल्पीने काढला, तोही असा की वरून पाहिलं तर रेनडिअरचं मुंडकं दिसावं. बाहेर पडणारे रस्ते म्हणजे शिंगं आणि स्टेडियम म्हणजे डोळा. पायी चालणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो पायाखालचा बर्फ आणि शिंगांवर पुढे कुठेतरी असलेला कॉफीचा ठेला.

गावाबाहेर आठ किलोमीटरवर आर्क्टिक वृत्त जातं आणि त्या रेघेवर सांताक्लॉजचं गाव वसवलेलं आहे. १९५० मध्ये एलिनॉर रूझवेल्ट भेटीला येणार म्हणून तिथे घाईघाईने एक लाकडी खोपटं उभारलं गेलं. आज तिथे दुकानांची ओळ आहे आणि प्रत्येक दुकानात लाल नाकाचा रुडॉल्फ. हा रुडॉल्फ लॅपलँडचा, म्हणजे फिनलंडच्या या उत्तर टोकाचा, नव्हेच. १९३९ मध्ये शिकागोच्या एका दुकानसाखळीने गिऱ्हाइकांच्या मुलांना वाटायला एक पुस्तिका छापली, तिथला तो. शिवाय नर रेनडिअरची शिंगं माजाचा हंगाम संपला की हिवाळ्याच्या तोंडाशीच गळून पडतात. माद्यांची मात्र वसंतात विण्याच्या सुमारापर्यंत टिकतात. हरणांच्या कुळात मादीलाही शिंगं असणारी ही एकच जात. म्हणजे नाताळच्या रात्री शिंगं मिरवत धावणारा रुडॉल्फ एक तर रुडाबाई असणार, नाही तर बडवलेला. दुकानात हे मी भाचीला मराठीत सांगितलं म्हणून बरं.

तासाभरात तिथून निघालो आणि उत्तरेची बस धरली. पाच तासांच्या प्रवासात चालकाने चार वेळा गाडी जवळजवळ थांबवली. चारही वेळा रस्त्याच्या मधोमध रेनडिअर उभी होती, आमच्याकडच्या म्हशींइतकीच निर्धास्त. जंगलात मांडीभर बर्फ आणि रस्ता नांगर फिरवून साफ केलेला, मग त्यांनी दुसरीकडून कशाला चालावं? फिनलंडमध्ये दरवर्षी सुमारे ४,००० रेनडिअर गाड्यांखाली मरतात. अंधारात दिसावीत म्हणून शिंगांना चमकणारा रंग फासण्याचा प्रयोगही २०१४ मध्ये पाळणाऱ्यांच्या संघटनेने करून पाहिला होता. जनावर मेलं तर मालकाला वाहनाच्या विम्यातून भरपाई मिळते, कारण रस्त्यावर बेवारशी दिसणारं इथलं एकही जनावर बेवारशी नसतं. प्रत्येकाला मालक असतो. फक्त तो शंभर किलोमीटरवर आपल्या घरी बसलेला असतो.

आम्ही उतरलो ते इनारीला. क्षेत्रफळाने हा फिनलंडचा सगळ्यात मोठा तालुका म्हणावा असा भाग, जवळजवळ आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याएवढा. अहिल्यानगरात ४५ लाख माणसं राहतात, इनारीत सात हजारांच्या आसपास.

बैलालाही तोच शब्द

जिथे गेलो तो गोठा, गोठा कसला, पाइनच्या जंगलाला घातलेलं मोठं कुंपण होतं. मालक सामी, म्हणजे या उत्तरेच्या मूळ लोकांपैकी. बायको दक्षिण फिनलंडमधून लग्न करून आलेली. पर्यटकांचं सगळं ती बघते. तो माणूस दिवसभर जंगलात असतो आणि संध्याकाळी कॉफीपुरता उगवतो. दारातला तापमापक उणे २६ दाखवत होता. श्वास घेतला की नाकातले केस एकमेकांना चिकटत होते. तिने आम्हाला रजईसारखे अंगभर पोशाख आणि बुटांमध्ये घालायचे लोकरी तळवे दिले. "मोबाइल आतल्या खिशात ठेवा, बाहेर काढलात तर दहा मिनिटांत मान टाकेल," असं तिने सांगितलं. माझ्या मोबाइलने सातव्या मिनिटाला टाकली.

रेनडिअर पाहून पहिली प्रतिक्रिया निराशेचीच होते. एवढंसं? चित्रांनी आपल्या मनात घोड्याएवढं जनावर उभं केलेलं असतं. प्रत्यक्षात त्याची पाठ माझ्या कमरेच्या थोडी वर येत होती. खिल्लारी बैलाशेजारी उभं केलं तर वासरू वाटेल. पण छाती भरदार, मान खाली झुकलेली, नाकावरसुद्धा केस, आणि खूर अंगाच्या मानाने पसरट आणि मोठे. उन्हाळ्यात चिखलात चालताना खुराची गादी मऊ असते. हिवाळ्यात ती आकसते आणि खुराची कडक धार उघडी पडते, म्हणजे बर्फावर घसरायला नको आणि बर्फ उकरायला फावडं तयार. अंगावरचे केस आतून पोकळ. ते हवा धरून ठेवतात, त्यामुळे पाठीवर पडलेला बर्फ तसाच राहतो, वितळत नाही. मी हातमोजा काढून त्या केसांत बोटं खुपसली. मुळाशी ऊब होती, वरच्या टोकाला बाहेरची थंडी.

कुंपणात अकरा जनावरं होती. सगळी बडवलेली. फिनिशमध्ये नराला 'हिरवास' म्हणतात, मादीला 'वादिन', वासराला 'वासा' आणि बडवलेल्याला 'हर्क्या'. भाची थबकली. "मावशी, हर्क्या म्हणजे तर बैल!" खरंच, शेतात नांगर ओढणाऱ्या बैलालाही फिनिशमध्ये हाच शब्द आहे. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पुढचा तासभर आमची भाषा सरळ झाली: वळू आणि बैल, म्होरकी आणि कासरा. वेसण मात्र इथे नाही. नाकात काही घालत नाहीत, तोंडाभोवती म्होरकी आणि तिला एकच दोर. दोन्ही हातांत दोन लगाम अशी भानगडच नाही. पूर्वीचा गाडीवान तो एकच कासरा जनावराच्या पाठीवरून या बाजूचा त्या बाजूला टाकून दिशा दाखवायचा. बडवण्याचं काम आता चिमट्याने होतं. जुने लोक ते दातांनी करायचे. हे ऐकल्यावर भाचीने कॉफीचा कप खाली ठेवला.

बैल तयार करायला किती दिवस लागतात, हा माझा प्रश्न. "हिवाळे विचारा," बाई म्हणाल्या. दोन-तीन वर्षांचा नर निवडायचा, डोळ्यांत घाबरटपणा कमी असलेला. पहिला हिवाळा नुसता झाडाला बांधायचा, हातून खाऊ घालायचं, माणसाचा वास सवयीचा करायचा. दुसऱ्या हिवाळ्यात दोर धरून चालवायचा. मग मागे रिकामी घसरगाडी, मग ओझं, आणि सगळ्यात शेवटी हसणारी, किंचाळणारी, सेल्फी काढणारी माणसं. त्यांच्या अकरांपैकी दोघे या शेवटच्या परीक्षेत नापास झालेले होते. ते फक्त सामान ओढतात.

टक, टक, टक

आमच्या बैलाचं नाव मुस्तिक्का. इथल्या जंगलात उन्हाळ्यात जमिनीलगत येणाऱ्या निळ्या-काळ्या फळाचं नाव ते, आणि याचा रंगही तसाच. गाडी म्हणजे लाकडी फळ्यांचा लांबट पाळणा, खाली दोन घसरपट्ट्या, पुढे दोन दांड्या, बसायला रेनडिअरचंच कातडं. कातड्यावर बसून त्याच जातीच्या जनावराकडून ओढून घ्यायचं, याचा विचार मी केला, आणि बूड गरम झाल्यावर सोडून दिला. चार गाड्यांची ओळ होती. मागच्या बैलाचा दोर पुढच्या गाडीच्या मागच्या दांडीला. अशा ओळीला इथे 'राइतो' म्हणतात. पूर्वी सगळा संसार अशा राइतोत बांधून हिवाळी मुक्कामावरून उन्हाळी मुक्कामावर हलत असे. सगळ्यात पुढे बाई पायी.

वेग माणसाच्या चालण्याचा. एक कोरियन जोडपं पुढच्या गाडीत होतं, त्यांना तो कमी वाटला असावा. मुलगा दोनदा उठून पुढे डोकावला. मला पहिल्या पाच मिनिटांत वेगाचं काही सुचलं नाही, कारण मी ऐकत होते. घसरपट्टीची करकर आणि तिच्यावरून स्पष्ट, कोरडा आवाज, टक, टक, टक, जणू कुणी चालता चालता बोटं मोडतंय. हा आवाज खुरांचा नव्हे. पायातला एक स्नायुबंध पाऊल टाकताना लहानशा हाडावरून घसरतो आणि टक्‌ वाजतो. अंधारात, बर्फाच्या वादळात कळपातल्या जनावरांना एकमेकांचा मागोवा लागायला याचा उपयोग होतो असं मानतात. ते असो. चाळीस खुरांच्या कळपातून हा आवाज कसा येत असेल याची मी कल्पना करत होते, आणि तेवढ्यात सगळी ओळ थांबली.

मुस्तिक्काला लघवीला झाली होती.

रेनडिअरला पळता पळता लघवी करता येत नाही, थांबावंच लागतं. यावरून अंतर मोजायचं एक जुनं मापही होतं, 'पोरोनकुसेमा', म्हणजे रेनडिअरची एक लघवी. साधारण साडेसात किलोमीटर. आपल्याकडे कोस मोजायचे तसंच, फक्त इथे मोजपट्टी जनावराच्या मूत्राशयात. आमचा बैल अर्ध्या किलोमीटरवरच थांबला होता. "पर्यटकांबरोबर तो आळशी होतो," बाई म्हणाल्या.

थांबलेल्या वेळात मी पुढे जाऊन त्याच्या डोळ्यांत पाहिलं. उन्हाळ्यात या डोळ्यांच्या मागचा चकाकणारा थर सोनेरी असतो, हिवाळ्यात तो गडद निळा होतो. लंडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे दाखवून दिलं. महिनोन् महिने संधिप्रकाशात बाहुली ताणलेली राहिली की डोळ्यातला दाब वाढतो आणि त्या थरातले तंतू एकमेकांजवळ दाबले जातात. मग परतणारा प्रकाश निळा होतो आणि डोळा अंधुक उजेडाला जास्त संवेदनशील. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत इनारीत सूर्य उगवतच नाही. 'कामोस' म्हणतात त्या काळाला. आम्ही गेलो तेव्हा सूर्य परत येऊन महिना होत आला होता, दुपारी पाइनच्या शेंड्यांवर तांबूस उजेड बसला होता, आणि मुस्तिक्काचे डोळे अजून कामोसमध्येच होते.

फेरी एक किलोमीटरची. शेवटी लाकडी तंबूत जाळाभोवती बसून बर्चच्या गाठीतून कोरलेल्या कपात गरम फळांचा रस. तिथे भाचीने मला विचारलं, "हे सामी लोकांचे निळे-लाल कपडे बाईंनी का घातले नाहीत? फोटोत सगळीकडे दिसतात." बाईंना ते कळलं. "ते माझे नाहीत, नवऱ्याकडचे आहेत," त्या म्हणाल्या. लॅपलँडच्या पर्यटनात अनेक वर्षं कुणीही नोकर उचलून त्याला 'सामी' पोशाख चढवला जायचा. त्यावर फिनलंडच्या सामी संसदेने २०१८ मध्ये जबाबदार पर्यटनासाठी तत्त्वं जाहीर केली. बाईंनी ती वाचलीत की नाही हे मी विचारलं नाही. त्यांच्या अंगावर साध्या दुकानातलं जाड जाकीट होतं आणि ते त्यांना शोभत होतं.

आढ्याला टांगलेली होडी

संध्याकाळी मालक आला तो स्नोमोबाइलवरून, पेट्रोलचा वास आणि गोठलेली मिशी घेऊन. गाडी लावायच्या शेडमध्ये मी वर पाहिलं तर आढ्याला एक होडी टांगलेली. होडी नव्हे, 'पुल्का'. एका माणसापुरती, पुढे निमुळती, तळाला एकच कणा. दोन घसरपट्ट्यांची गाडी खोल बर्फात अडकते, ही होडी बर्फावरून तरंगत जाते. आजोबांची होती. "आजोबा यातून टपाल आणायचे, लाकूड आणायचे, आजारी माणूस न्यायचे," तो म्हणाला. "वडिलांनी यंत्र घेतलं आणि ही वर गेली."

इथेच माझ्या विषयाचं बूड हललं. स्नोमोबाइल लॅपलँडमध्ये आली १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि दहाएक वर्षांत कामाचा बैल जवळजवळ नाहीसा झाला. हे नुसतं ऐकीव नाही. पेर्टी पेल्टो हे फिनिश वंशाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा इनारीच्या ईशान्येला, सेवेत्तियार्वीच्या स्कोल्ट सामींमध्ये राहून नोंदी करत होते. या लोकांचा मुलूख युद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेला आणि त्यांना फिनलंडने नव्याने वसवलं. पेल्टो यांनी पाहिलं ते असं: पूर्वी हिवाळाभर माणूस स्कीवरून, बैलाबरोबर, कळपाच्या जवळ असायचा, त्यामुळे जनावरं माणसाळलेली राहायची. यंत्र आलं, माणूस घोंघावत येऊ लागला, जनावरं दूर पळू लागली आणि अर्धरानटी झाली. दुसरी गोष्ट पैशाची. बैल चरतो, यंत्र पेट्रोल पितं. ज्यांना यंत्र, सुटे भाग आणि इंधन परवडलं ते टिकले. ज्यांना नाही ते हळूहळू कळपाच्या धंद्यातून बाहेर पडले. हे सगळं त्यांनी १९७३ मध्ये 'द स्नोमोबाइल रिव्होल्यूशन' या पुस्तकात मांडलं. आपल्याकडे ट्रॅक्टर आणि बैल यांच्याविषयी ज्यांनी विचार केला आहे त्यांना त्यात बरंच ओळखीचं सापडेल. आणि एक योगायोग मला परतल्यावर कळला. हेच पेल्टो पुढे भारतात आरोग्यविषयक संशोधनाच्या कामात आले आणि उतारवयात पुण्यात राहिले. लॅपलँडच्या शेवटच्या कामकरी बैलांचा साक्षीदार माझ्याच शहरात होता आणि मला पत्ता नव्हता.

मालकाला मी विचारलं, मग हे अकरा बैल कशासाठी? "तुमच्यासाठी," तो म्हणाला. यात टोमणा नव्हता. वडिलांच्या काळात त्यांच्या घरात जुंपायला एकही बैल उरला नव्हता. पर्यटक येऊ लागल्यावर बायकोने हट्ट धरला, आणि शेजारच्या खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्याकडून ती बैल कसा तयार करायचा ते शिकून आली. नवऱ्याला आजही जमत नाही. सहलीची ही संथ, थोडीशी नाटकी फेरी नसती तर ते सगळं ज्ञान त्या पुल्काबरोबर आढ्यालाच लटकलं असतं. मी अशा फेऱ्यांना नाकं मुरडणाऱ्यांपैकी. तिथे मात्र माझं नाक गोठलं होतं म्हणून असेल, मुरडलं नाही.

कानात लिहिलेलं नाव

मग भाचीने तो प्रश्न विचारला. अगदी सहज, कॉफी ओतता ओतता: "तुमच्याकडे एकूण रेनडिअर किती आहेत?"

बाई हसल्या. मालकाने कपात बघत उत्तर दिलं, "झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत."

हे इथलं ठरलेलं उत्तर. किती जनावरं आहेत हे विचारणं म्हणजे बँकेत किती शिल्लक आहे हे विचारणं. आपल्या गावात घरात सोनं किती तोळे आहे असं पाहुण्याने विचारावं तसं. भाची कानापर्यंत लाल झाली. "मला आधी सांगायचंस ना मावशी," ती पुटपुटली. जणू मला माहीत होतं.

आकडा मोठा असतो तो सगळ्यांचा मिळून. फिनलंडच्या उत्तरेचा, देशाच्या क्षेत्रफळाच्या एकतृतीयांशाहून मोठा भाग रेनडिअरपालनासाठी मोकळा आहे. त्याचे ५४ विभाग, प्रत्येकाची आपली सहकारी संस्था, तिला 'पालिस्कुंता' म्हणतात. हिवाळ्यात सगळीकडची मिळून जास्तीत जास्त २,०३,७०० जनावरं ठेवायला परवानगी. लॅपलँड प्रांतातली माणसं याहून कमी भरतात, पावणेदोन लाखांच्या घरात. एका मालकाला उत्तरेकडे ५०० आणि दक्षिणेकडे ३०० ही कमाल मर्यादा. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये हा धंदा मुख्यत्वे सामींसाठी राखलेला आहे. फिनलंडमध्ये त्या भागात कायम राहणाऱ्या कोणाही युरोपीय संघाच्या नागरिकाला तो करता येतो. यावरून कुरबुरी आहेत, आणि त्या आमच्या मालकाच्या आवाजातही होत्या, पण पाहुण्यांसमोर त्याने त्या फार वाढवल्या नाहीत.

ही सगळी जनावरं मोकळी चरतात. जमीन कोणाची हे ती विचारत नाहीत. मग आपलं कोणतं हे कळतं कानावरून. प्रत्येक मालकाची कानाला पाडायच्या खाचांची स्वतःची खूण असते: डाव्या कानाचं टोक कापलेलं, उजव्याला मागून दोन खाचा, अशा प्रकारे. फिनलंडमध्ये अशा सुमारे १२,००० खुणा नोंदलेल्या आहेत. मालकाने एक तेलकट चामडं आणून त्यावर सुरीने आपली खूण काढून दाखवली. चार हालचाली, पाच सेकंद.

वासरांच्या कानांना ही खूण पाडतात जून-जुलैत, रात्रीही न मावळणाऱ्या उन्हात. कळप तेव्हा गोळा कोण करतं? डास. उन्हाळ्यात डास आणि गोमाश्या एवढ्या उठतात की जनावरं हैराण होऊन वाऱ्याच्या उघड्या माळांवर एकत्र येतात, आणि माणसाचं निम्मं काम होतं. कुंपणात घेतल्यावर वासरू आपल्या आईच्या मागेच फिरतं. मालक आईचा कान वाचतो आणि तोच मजकूर वासराच्या कानावर उतरवतो. दुरून फास टाकायचा, वासरू खाली धरायचं, सुरी चालवायची, सोडून द्यायचं. हिशेबाचं वर्षही याच सुमाराला सुरू होतं, १ जूनला.

दुसरं गोळा करणं शरदात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला, 'एरोतुस'. गोल कुंपणात कळप गोल फिरत राहतो, माणसं मध्ये उभी राहून कान वाचतात, कोणतं कापायचं आणि कोणतं वाढवायचं हे ठरतं. कापली जातात ती बहुतेक त्याच वर्षीची वासरं. इथलं खरं उत्पन्न मांसाचं. बैलांच्या फेऱ्या वरकड.

म्हणजे 'जुंपलेले' शोधायला मी इतक्या लांब आले आणि हाती लागले अकरा. झाडाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बाकीच्या जनावरांशी या माणसाचा संबंध वर्षातून दोनदा, कानापुरता.

म्हातारा झाला की

जेवायला रेनडिअरच्या मांसाचे पातळ काप लोण्यात परतलेले, सोबत बटाट्याचं भरीत आणि आंबट लाल बोरं. चव बोकडाच्या जवळची, पण कोरडी, थोडी रानाची. भाचीसमोर मशरूमचं सूप. मी घास तोंडात धरूनच विचारलं, "मुस्तिक्का म्हातारा झाला की काय करता?"

"खातो," मालक म्हणाला. "म्हाताऱ्या बैलाचं मांस चिवट असतं, त्याचं सुकट करतो. कातडं गाडीत अंथरायला." मघाशी मी ज्यावर बसले होते ते कुणाचं होतं हे तेव्हा कळलं. मग त्याने मला विचारलं, "तुमच्याकडे म्हातारे बैल कुठे जातात?"

मी सांगितलं की पोळ्याला आम्ही त्यांना न्हाऊ घालतो, शिंगांना रंग लावतो, पुरणपोळी भरवतो. मग सांगितलं की २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापायला कायद्याने बंदी आहे. तो ऐकत होता. "हो, पण मग ते जातात कुठे?" त्याने पुन्हा विचारलं. माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. भाचीकडे पाहिलं तर ती सूप पीत होती.

पावसाचा धाक

या माणसाला धास्ती कशाची आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं. आम्हाला त्याने स्नोमोबाइलच्या मागच्या गाडीत बसवून जंगलात नेलं. कळप दिसला नाही, दिसले खड्डे. मैदानभर बर्फात कमरेएवढे खड्डे खणलेले, प्रत्येकाच्या तळाशी करडी-पांढरी, स्पंजासारखी दगडफुलाची जात. हेच त्यांचं हिवाळी अन्न. बर्फाखालचं दगडफूल ती वासावरून शोधतात आणि पुढच्या खुराने खणून काढतात. ते पुन्हा वाढतं वर्षाला काही मिलिमीटर एवढंच. एकदा चरून सपाट झालेला माळ पूर्ववत व्हायला पिढी जाते.

मालकाने खड्ड्याच्या भिंतीवर हातमोजा फिरवला. त्याच्या भाषेत, उत्तर सामीत, जनावराला बर्फातून खणून खाता येण्याजोग्या परिस्थितीला एक शब्द आहे, 'गुओह्तुन'. आणि कुरणावर बर्फाचा पक्का थर बसला तर त्याला 'चुओह्की'. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिला बर्फ पडल्यावर पाऊस झाला आणि लगेच कडाका पडला की दगडफुलावर काचेसारखा थर जमतो. वास लागत नाही, खूर चालत नाही. खाली ताट वाढलेलं आणि वर काच. पूर्वी असा हिवाळा क्वचित यायचा. हवामान उबदार होऊ लागल्यापासून हिवाळ्यात पाऊस पडणं नवलाचं राहिलेलं नाही. २०१९-२० चा हिवाळा इथले लोक अजून आठवतात: खोल बर्फ, खाली बिघडलेलं कुरण, आणि उपासमारीने मेलेली जनावरं.

अशा वेळी दुसरं कोठार म्हणजे म्हाताऱ्या झाडांच्या फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं काळपट दगडफूल, 'लुप्पो'. पण ते वाढतं जुन्या जंगलात. जंगल तोडून नवी लागवड केली की पुढची कित्येक दशकं दाढी उगवत नाही. तेही नसेल तर गवत आणि पेंड विकत आणून टाकायची. "बैलांच्या फेऱ्यांचे पैसे कुठे जातात ते आता कळलं?" बाई म्हणाल्या. मी समजत होते की पर्यटनावर हे घर चालतं. घर मांसावर चालतं. फेऱ्यांवर वाईट हिवाळ्यातला कळप चालतो.

मार्चमध्ये या

निघायच्या आदल्या रात्री बाईंनी मोबाइलवर शर्यत दाखवली. मार्चअखेरीस इनारीच्या गोठलेल्या सरोवरावर रेनडिअरच्या शर्यती होतात; मागे गाडी नाही, स्कीवर जवळजवळ आडवा झालेला माणूस एका दोराला धरून, आणि जनावर तीरासारखं. मीही तिला पुणे जिल्ह्यातली बैलगाडा शर्यत दाखवली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली आणि मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य करून तिला वाट मोकळी करून दिली, हे सांगितलं. तिने ती चित्रफीत चार वेळा पाहिली. "तुमचा गाडीवान उभा राहतो," ती म्हणाली. "आमचा झोपतो. वारा कमी लागतो." एवढीच तिची टिप्पणी. मग आतून नवऱ्याला बोलावलं आणि पाचव्यांदा पाहिली.

जायचं असेल तर नाताळ सोडा. तेव्हा गर्दी आणि दोन-चार तासांचा संधिप्रकाश, बैल थकलेले आणि माणसंही. मार्चमध्ये जा. बर्फ घट्ट असतो, ऊन असतं, थंडी सोसण्याजोगी असते आणि शर्यतही सापडेल. मोबाइल आतल्या खिशात ठेवा. बैल थांबला तर घाई करू नका, त्याला मोकळं होऊ द्या. म्हातारे बैल कुठे जातात याचं उत्तर मात्र घरून तयार करून न्या, तो विचारतो. आणि किती जनावरं आहेत ते तुम्ही विचारू नका.